प्रतीकचा नंबर

वेळ संध्याकाळी सव्वापाचची. स्थळ सौंसर, बसस्टँडमागच्या गल्लीतला डॉ. हेमराज कामडे यांचा दवाखाना. महिना डिसेंबर.

मी पांढुर्ण्याहून बीपी मोजायला गेलो होतो. पांढुर्ण्यात डॉक्टर नाहीत असं नाही. पण कामडे डॉक्टरांनी माझ्या वडिलांना तपासलं, मला तपासतात, आणि माझ्याशी भांडायला ते कधी कंटाळत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा का होईना, बस धरून इथेच येतो.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक लांब ओटा. पहिल्या खोलीत डॉक्टरांचं टेबल. पडद्यामागे सलाईनच्या खाटा, तिथे दीपाली सिस्टर इंजेक्शन देते, ड्रेसिंग करते, दम लागलेल्याला वाफेची मशीन लावते. दाराशेजारच्या खिडकीत मधुकर कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधत बसलेला. समोर अंगण, अंगणात कडुलिंब.

इथे नंबर चपलेचा लागतो. आलात की चपला काढायच्या, ओट्यावरच्या रांगेत शेवटी लावायच्या आणि झाडाखाली जाऊन बसायचं. एक जण आत गेला की मागच्याने आपली चप्पल पायाने पुढे सरकवायची. कोणी लांब बसला असेल तर शेजारी सरकवतो. उंबऱ्याला ज्याची चप्पल लागली त्याचा नंबर. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, आणि त्यावरून भांडण झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"या पत्रकार साहेब," बोरगावचे केशवराव म्हणाले. "आज कोणाची वाट लावून राहिले?"

"तुमची. खोकला किती वर्षं पोसून राहिले तुम्ही?"

"आता त्यालेच सातबाऱ्यावर घ्या म्हणतो," ते म्हणाले, आणि हसता हसता खोकले. झाडाखालच्या बायाही हसल्या. कोणीतरी संत्रं सोललं होतं, त्याच्या सालीचा वास स्पिरिटच्या वासात मिसळला होता.

रांगेत शेवटी एक लहानशी जोडी होती. निळी, रबरी, चार-पाच वर्षांच्या लेकराच्या पायाची. मी माझे जोडे तिच्या मागे लावले.

केशवरावांचं हसू थांबलं. "भाऊ... तिच्या मागं नका लावू. पुढंच लावा."

"काहून? लेकराचा नंबर मारू का मी?"

"लावा तर मग. पाहा."

मी दोन पावलं गेलो आणि वळून पाहिलं. निळी जोडी माझ्या जोड्यांच्या मागे होती.

ओट्यावर कोणी नव्हतं. मला वाटलं माझीच चूक. मी परत गेलो, जोडे उचलले, पुन्हा त्या चपलांच्या मागे ठेवले आणि या वेळी नजर हलवली नाही. मधुकरने खिडकीतून कोणाला तरी हाक मारली. मी पापणी लववली असेल, तेवढंच. चपला पुन्हा मागे. आणि वास आला. संत्र्याचा नाही, स्पिरिटचा नाही. नुकत्या खणलेल्या ओल्या काळ्या मातीचा.

चपलांचे पट्टे त्याच मातीने भरलेले होते.

"कोणाच्या आहेत?" मी विचारलं. केशवरावांनी हनुवटीने अंगणाच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे एक बाई एकटी बसली होती. तिच्या पायात काही नव्हतं.

ती बोरगावची मालती, एवढं ते पुटपुटले. कापूस वेचायला जाते. मी जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "बाई, नंबर तुमचा आहे?"

"माहा नाही जी. प्रतीकचा हाय. माह्या पोराचा."

"कुठे आहे तो?"

तिने ओट्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं. आवाज इतका सपाट होता, की जणू ती दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत होती.

मागच्या हिवाळ्यात प्रतीकला दम लागला. ती वावरातून तशीच निघाली, त्याला कडेवर घेऊन, अनवाणी. ओट्यावर गर्दी होती. लायनीत लावायला तिच्या पायात काही नव्हतं, म्हणून तिने पोराच्या चपला लावल्या आणि त्याला मांडीवर घेऊन झाडाखाली बसली.

लेकराच्या चपला इथे कोणी रांगेत लावत नाही. लेकरं चपला कुठेही सोडतात. बापाची नाहीतर आईची जोडी पुढे असणारच, असं धरून कोणीतरी ती निळी जोडी उचलली आणि भिंतीशी ठेवून दिली. रांग पुढे सरकत गेली.

"मी दोनदा उठली जी. म्हटलं, पोराले लई दम लागून राहिला. तं म्हणे, लाइन चालू हाय बाई, बसा. मले वाटलं चालू हाय तं येईनच नंबर... त्याची छाती शिटी वाजवल्यावानी वाजे. मंग वाजनं बंद झालं. मले वाटलं झोपला. बरं वाटलं मले."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"चपला त्याच्या संगच पुरल्या," ती म्हणाली. "त्याच्या बापानं आपल्या हातानं पायात घातल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथून जाऊन राहिली होती, तं ओट्यावर दिसल्या. लायनीत. शेवटी."

"आणि तुम्ही रोज येता."

"एकटा कसा बसन तो?"

अंधारून येत होतं. मधुकरने ओट्यावरचा दिवा लावला. उजेडात मला दारावर चिकटवलेला नवा कागद दिसला. उद्यापासून टोकनची मशीन, चपला अंगणाबाहेरच्या मांडणीत.

"वाचता येतं मले," मालती म्हणाली. "टोकन बटन दाबून निघते म्हणे. त्याचा हात पुरते का तिथवर?" मग पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "साहेब, तुमचं डॉक्टर ऐकते. एकदा त्याचा नंबर लावून द्या. मी मंग नाही येनार. कोनाले काही नाही म्हननार."

मी उठलो. खिडकीपाशी गेलो.

"मधुकर, त्या चपला बाजूला कोणी ठेवल्या होत्या?"

त्याचे हात पुडीवर थांबले. "भाऊ, मी आत होतो. पुड्या बांधून राहिलो होतो."

"खिडकी ओट्यावरच उघडते."

"गर्दी होती नं जी..."

दीपाली सिस्टर त्या दिवशी म्हणे पडद्यामागे सलाईन लावत होती. लायनीतल्या लोकांना त्या दिवशी आपण आलोच नव्हतो असं आठवत होतं. केशवरावांनी तर दोनदा सांगितलं, मी विचारलं नसतानाही. एक लेकरू भर गर्दीत आईच्या मांडीवर गेलं आणि त्या अंगणात त्या दिवशी जणू कोणी माणूसच हजर नव्हता!

रांग संपत आली. केशवराव औषध घेऊन मान खाली घालून गेले. शेवटी उंबऱ्याला माझे जोडे लागले, मागे ती निळी जोडी. मी आत गेलो. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला.

"बीपी वाढलंय तुमचं."

"वाढणारच. बाहेर एक पेशंट बाकी आहे."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मला बाहेरचं दिसत नाही इथून."

"वर्षभर हेच म्हणताय का?"

"काय करू मी? रिकाम्या चपलांना तपासू?"

"हो. तपासा."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टा सोडला, चष्मा काढला, आणि तो सदऱ्याला पुसायला घेतला. उत्तर दिलं ते दीपालीने. ती पडद्यामागून आली, दारात जाऊन उभी राहिली आणि रोज पेशंटला हाक मारते त्याच आवाजात म्हणाली,

"प्रतीक... ये बाळा. तुझा नंबर आला."

माझे जोडे ओट्यावर एका बाजूला सरकलेले होते. निळी जोडी उंबऱ्याला लागली होती.

कोणी आत आलं नाही. निदान दिसलं नाही. दाराचा पडदा मात्र खालून हलला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, आणि खोलीत तो मातीचा वास भरला. मग आवाज. बारीक, ओढलेला, शिट्टीसारखा. थांबायचा... पुन्हा ओढायचा... लेकरांच्या स्टुलाचं रेक्झिन हळूच दबलं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. त्यांचा हात हवेत पुढे गेला आणि थांबला, जणू कशाला तरी टेकला. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. या माणसाला मी मरणं पाहताना पाहिलं आहे, माझ्या वडिलांचंही. असा चेहरा पाहिला नव्हता.

"दम लागलाय," ते कुजबुजले. "फार लागलाय... सिस्टर, मशीन. लवकर."

दीपालीने लहान मास्क घेतला आणि स्टुलासमोर गुडघ्यावर बसली. मशीन घरघरू लागली. वाफ निघाली, मास्कच्या बाहेर पसरली, आणि मग पसरायची थांबली. ती आत ओढली जात होती. थोडी थोडी.

"ओढ राजा," दीपाली म्हणत होती. गालावरून पाणी वाहत होतं, हात मात्र हलला नाही. "असंच. हळू... शाबास."

मालती उंबऱ्याबाहेर उभी होती, डोळे मिटून. शिट्टी बारीक झाली. दोन श्वासांमधलं अंतर नीट झालं. शेवटी झोपलेल्या लेकराचा येतो तेवढाच आवाज उरला.

डॉक्टरांनी नळी कानातून काढली. दाराकडे पाहिलं आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जरा लवकर आणायचं होतं बाई."

मालतीने डोळे उघडले.

"लवकरच आनलं होतं जी."

मशीन रिकामी चालत राहिली. वाफ आता सरळ छताकडे जात होती. स्टुलाचं रेक्झिन वर आलं होतं. डॉक्टर टेबलाला धरून खाली बसले.

मालती वाकली. उंबऱ्यावरच्या चपला उचलून एकमेकींवर झटकल्या, शाळेतून आलेल्या पोराच्या झटकाव्या तशा. पदरात बांधल्या. "जातो जी मी," ती मला म्हणाली. "बोरगावची गाडी निघून जाईन." अंगण ओलांडून ती गेली. भिंतीपाशी, जिथे ती रोज बसायची, तिथे क्षणभर थांबली, आणि मग मागे न पाहता गल्लीत शिरली.

त्यानंतर ती दवाखान्यात आलेली नाही. दिलेला शब्द तिने पाळला. टोकनच्या बटणापर्यंत लेकराचा हात पुरतो का, या तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणी दिलं नाही, आणि डॉक्टरांनी टोकनची मशीन पेटीतून बाहेर काढू दिली नाही. ओट्यावर अजून चपलाच लागतात.

त्या संध्याकाळचं एवढंच सांगायचं राहिलं. मधुकरने दिवा मालवायला बटणाला हात लावला आणि बटण तसंच धरून राहिला. मी, दीपाली आणि तो, तिघांनी पाहिलं. मोकळ्या ओट्यावर, उंबऱ्यापासून अगदी पहिल्या जागेवर, लहान मुलीची एक गुलाबी जोडी होती.

मी ती हातात घेतली. तिला माती नव्हती. पट्टे कडक होते, तळव्यावर किमतीचं स्टिकर तसंच होतं. सौंसर, पांढुर्णा, तिगाव, तिन्ही ठिकाणच्या चपलांच्या दुकानांत मी ती घेऊन हिंडलो आहे; अशी जोडी विकल्याचं कोणालाच आठवत नाही. त्या जोडीत अजून कोणाचा पाय गेलेला नाही. पुढे दम लागून येणाऱ्या कोणत्या लेकरासाठी हा पहिला नंबर आधीच धरून ठेवला आहे, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.