ठिपकेबाई आणि भंगारवाले

"भंगारात द्या हा," तो म्हणाला.

मी कॉम्प्युटरचा जड डबा तीन जिने उतरून, दोन चौक चालून, कडेवर घेऊन आणलेला. तो धड टेबलावर टेकलासुद्धा नव्हता आणि हा माणूस स्क्रू ड्रायव्हर फिरवत निकाल देऊन मोकळा! माझं नेहमीचं दुरुस्तीचं दुकान त्या सोमवारी बंद होतं, नाहीतर मी याच्या दुकानाची पायरी चढलेच नसते.

"भंगारात तुम्ही जा," मी म्हणाले.

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळे छान होते. एवढ्या रागातही ते माझ्या लक्षात आलं, याचा मला आणखीच राग आला.

"अहो, पंधरा वर्षांचा आहे हा."

"मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा मला कुणी टाकून दिलं नाही."

तो हसला आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला. मग मीही जरा नरमले आणि काय ते सांगितलं. मी कपड्यांचे पॅटर्न काढते. बाही, गळा, कॉलर, एकेका तुकड्याचं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं आणि प्लॉटरवर, म्हणजे टेबलाएवढ्या रुंद छपाईयंत्रावर, ते खऱ्या मापात कागदावर उतरवायचं. त्यावरून शिंपी कापड कापतात. प्लॉटर, प्रोग्रॅम, सगळं आत्याचं. तिची नजर अधू झाली तेव्हा तिने ते माझ्या हवाली केलं. आता एका नाटक कंपनीच्या बावीस पोशाखांचं काम मिळालं होतं, पण त्यांच्या फायली नव्या पद्धतीच्या. माझा म्हातारा त्या उघडेचना.

आणि दादाने घरात जाहीर करून टाकलं होतं, "शनिवारी सकाळपर्यंत हे काम झालं तर ठीक. नाहीतर तुझी ही कामाची खोली रिकामी कर आणि सोमवारपासून माझ्या ऑफिसात ये. साहेबांशी बोलून ठेवलंय." आई गप्प बसली होती. आईचं गप्प बसणं म्हणजे दादाला पाठिंबा. मी मनात म्हटलं, बघतेच!

त्याने डब्याचं झाकण काढलं आणि थबकला. "हे काय? याला गोवर झालाय का?"

"माझं नेलपॉलिश आहे ते. कुठली वायर कुठे जाते ते कळायला. आणि माझ्या प्रत्येक वस्तूवर असतो ठिपका. जे माझं, त्यावर ठिपका. लहानपणी दादाच्या सायकलवर लावला होता, ती त्याला परत मिळाली नाही."

"बरं, ठिपकेबाई. बोर्ड नवा लागेल, मेमरी नवी लागेल. जुनी मेमरी नव्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळी असते. डिस्कही नवीच टाकू."

"जुनं काहीही फेकायचं नाही, भंगारवाले."

"नाही फेकत. शप्पथ."

बुधवारी दुपारी तो स्वतः डबा घेऊन घरी आला. वायरी जोडल्या, बटण दाबलं... आणि नाटकातल्या राणीचा घागरा पडद्यावर झळकला! मी आनंदाने त्याचा दंडच धरला. मग भानावर येऊन सोडला.

"धरा की," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"ही... वायर. वायर धरा म्हटलं."

कान लाल झाले होते त्याचे. मी वायर धरली. आणि तिथेच सगळं बिनसलं. प्लॉटरचा तो रुंद, पिनांचा जोड लावायला नव्या बोर्डावर जागाच नव्हती. त्याने मधे एक जोडवायर लावून पाहिली. प्लॉटर एकदा खाकरला आणि गप्प झाला. आत्याचा प्रोग्रॅम तर उघडायलाच तयार नाही. पडद्यावर एकच ओळ, 'कुलूप सापडत नाही'.

मी डब्याच्या मागे वाकून बघितलं. सगळं चकाचक.

"माझे ठिपके कुठे गेले?"

"थिनरने पुसले," तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "तासभर लागला. माझ्या दुकानातून यंत्र बाहेर पडतं ते लखलखीतच."

"आणि इथे मागे एक तुकडा होता. आगपेटीएवढा."

"तो होय? दोन्हीकडे नुसत्या पिना होत्या आणि पलीकडे काहीच जोडलेलं नव्हतं. जुना काहीतरी जोड असेल म्हणून काढला."

"तेच ते कुलूप! तो पाठीमागे लावलेला असल्याशिवाय आत्याचा प्रोग्रॅम उघडतच नाही. फेकलात ना?"

"नाही हो, शप्पथ घेतली होती. डब्यात आहे." त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... तसल्याच बाकी सगळ्यांबरोबर."

गुरुवारी सकाळी मी त्याच्या दुकानात हजर. बिस्किटांचा मोठा डबा त्याने टेबलावर उपडा केला. चाळीसेक तुकडे, सगळे राखाडी, सगळे जुळे भाऊ. आणि ज्याच्यावर माझा ठिपका होता, तोही आता पुसून लखलखीत! नव्या बोर्डावर तर हा तुकडा बसणारच नव्हता. म्हणून त्याने माझा जुना बोर्ड, जुनी डिस्क काढून टेबलावर तसंच उघडं जोडलं होतं. मी एकेक तुकडा द्यायचा, त्याने लावायचा. कुलूप सापडत नाही. पुढचा. कुलूप सापडत नाही. बोटांना बोटं लागत होती, पण मी रागात होते, त्यामुळे तिकडे दुर्लक्ष केलं. बरंचसं.

"विचारायचं तरी होतं मला," मी शेवटी फुटलेच. "परवा दादा खोलीला कुलूप लावणार आणि मी जन्मभर त्याच्या ऑफिसात पावत्या लावत बसणार. तुमच्या त्या थिनरमुळे!"

"मला तो छान करून द्यायचा होता. तुम्हाला..."

"मला छान नको होता. माझा हवा होता!"

मला वाटलं, आता सुरू करेल. वायरी जुन्या होत्या, तुम्ही आधी सांगायला हवं होतं, वगैरे. आमच्या घरात असंच चालतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "न विचारता हात लावायला नको होता."

बस्, एवढंच. पुढे 'पण' नाही, काही नाही. मला तो तेव्हा आवडला. खरं सांगायचं तर सोमवारपासूनच आवडत होता, गुरुवारी कबूल केलं इतकंच.

एकतिसावा तुकडा मी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बाजूच्या स्क्रूच्या खाचेत, थिनरचा बोळा पोचला नसेल अशा जागी, लाल रंगाचा कण होता.

"थांब! हाच तो. लाव!"

अहोचं अरे झालं होतं. दोघांनाही ते कळलं. त्याने तुकडा लावला आणि आत्याचा प्रोग्रॅम मुकाट उघडला.

"आता हे नव्या डब्यात कसं बसवायचं..." तो डोकं खाजवायला लागला.

"बसवायचंच कशाला? नवा चित्रं उघडेल, जुना छापेल. दोन्ही ठेवते मी."

"आणि जागा?"

"दादाने खोली रिकामी करायला सांगितलीय ना? मग भरूनच टाकते!"

तो एवढा मोठ्याने हसला की रस्त्यावरच्या दोघांनी आत डोकावून पाहिलं.

शुक्रवारी तो जुना बोर्ड वेगळ्या डब्यात बसवून सकाळीच घेऊन आला. दुकानाचं काय, विचारलं तर म्हणाला, "बंद. मालक प्रेमात... म्हणजे, कामात आहे." मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि गडबडीत राणीचा घागरा उलटा सेव्ह केला. त्यालाच विचारून, जुन्या पद्धतीत फायली सेव्ह करायच्या, पेन ड्राइव्हवर घ्यायच्या आणि जुन्याला भरवायच्या, हे एका दमात शिकले. प्लॉटर दिवसभर कुरकुरत रेघा ओढत होता. मी कागद तपासत होते, तो जमिनीवर बसून गुंडाळ्या करत होता. संध्याकाळी अठरा झाल्या. उरलेल्या चार शनिवारी सकाळी सातला, तो पुन्हा येऊन बसल्यावर.

नऊ वाजता दादा कुलूप घेऊनच वर आला, मागे आई. भिंतीशी बावीस गुंडाळ्या उभ्या. दादाने त्या दोनदा मोजल्या.

"हं," तो म्हणाला. "आणि सोमवारी?"

"सोमवारी मला काम आहे. ते कुलूप खाली ठेव, इथलं आमचं आम्हाला सापडलंय."

मग त्याची नजर जमिनीवर बसलेल्या माणसाकडे वळली. "हा कोण?"

"कॉम्प्युटर दुरुस्त करतो मी," तो उठून उभा राहिला. अंगाला कागदाचे कपटे चिकटलेले.

"दुरुस्ती झाली ना? मग याला चहा देऊन पाठव. दोन-दोन दिवस घरात कशाला?"

त्याने मुकाट्याने पिशवी उचलली. माझं डोकंच फिरलं. माझं काम ठरवून झालं, खोली ठरवून झाली, आता माणसंही हाच ठरवणार?

"तुला जायचंय?" मी त्याला विचारलं.

त्याने दादाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही."

मी खणातून नेलपॉलिशची बाटली काढली, त्याचा हात ओढला आणि सगळ्यांसमोर त्याच्या अंगठ्याच्या नखावर एक लाल ठिपका लावला.

दादा बघतच राहिला. सायकल आठवली असणार त्याला. आई मात्र बोलली, "मी चहा टाकते. चौघांचा." आईला त्या आठवड्यात मी पहिल्यांदा दादाच्या विरुद्ध बोलताना ऐकलं.

तो अंगठा उजेडात धरून बघत होता. "दुकानातलं थिनर आजच ओतून देतो," तो म्हणाला.

"वाळेपर्यंत हात सोडू नकोस."

"आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावरही."