नव्वदच्या पुढची थरथर

गाडी नव्वदच्या पुढे गेली की थरथरते, एवढंच भाची म्हणाली होती. आता यात घाबरण्यासारखं काय आहे, तूच सांग. माझी हयात गॅरेजमध्ये गेली. असल्या थरथरीवर तर माझं घर चालतं. स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं बघायची, सीट थरथरली तर मागची. चाकं बॅलन्स करून द्यायची की गिऱ्हाईक खूश.

"मामा, उद्या सकाळी आईला घेऊन निघायचंय," किल्ली माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली. "रस्ता लांबचा आहे. आजच बघशील ना?"

तिची आई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. हातातली कामं बाजूला ठेवली.

पुढची दोन्ही चाकं मशीनवर चढवून बॅलन्स केली आणि आम्ही दोघं हायवेला लागलो. ऐंशीपर्यंत काही नाही. नव्वदला थरथर आली, स्टिअरिंगमधून हातात आणि हातातून खांद्यात. परत आलो. टायरला फुगा आलाय का पाहिलं, रिम वाकलीय का पाहिलं, मागची चाकं पुढे आणि पुढची मागे केली. पुन्हा हायवे, पुन्हा तीच थरथर.

चाकात दोष असला की वेग वाढेल तशी थरथर भरभर होते. ही तशी नव्हती. ती जोरात यायची, मंद व्हायची, पुन्हा उसळायची. जड कपाट बराच वेळ उचलून धरलं की आपले हात थरथरतात ना, तशी.

"मामा... हे गाडीचं नाही वाटत," भाची हळूच म्हणाली.

"गाडीचं नाही तर काय माझ्या म्हातारपणाचं?"

ती हसली नाही. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं नाही.

गॅरेजमध्ये येऊन गाडी लिफ्टवर चढवली. बाहेर भर दुपारची वर्दळ होती, आत मात्र शांत. ग्रीजचा आणि तापलेल्या रबराचा वास. पुढचं डावं चाक मी वर-खाली धरून हलवलं. वापरातल्या गाडीचं चाक थोडं तरी खेळतंच. हे तसूभर हललं नाही. मी अंगातला सगळा जोर लावला, तरी चाक ढिम्म. सकाळपासून दोनदा मी असंच हलवून पाहिलं होतं आणि घट्ट आहे म्हणून समाधानाने पुढे गेलो होतो. आमच्या धंद्यात सगळे ढिलेपणा शोधतात. जास्त घट्ट असलेल्या चाकावर कोण शंका घेणार?

का कोण जाणे, मी उंच जॅक ओढत आणला आणि चाकाला खालून टेकू दिला.

जॅक चाकाला टेकला मात्र... आणि माझ्या कानाजवळ कुणीतरी सुस्कारा सोडला. एकाचा नव्हता तो. पुष्कळ जणांनी एकदम ओझं खाली ठेवावं तसा.

चाक बाहेरच्या बाजूला कलंडलं. खालचा सांधा मोकळा झाला होता. चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या टोकाला खोबण असते, तिच्यात एक लोखंडी गोळा बसतो. तो गोळा खोबणीतून कधीचाच निसटलेला होता. खोबणीची फाटलेली कड गंजली होती, म्हणजे हे आजचं नव्हतंच. अशी गाडी फाटकाबाहेरसुद्धा जायला नको होती, आणि माझी भाची ती रोज हायवेवर नव्वदने पळवत होती.

"मग चाक राहिलं कसं?" तिने विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

मी दिवा जवळ नेला. दांड्यावर धूळ आणि ग्रीजचा जाड थर होता, आणि त्या थरात बोटं उमटली होती. एक रुंद पंजा, राबलेला. त्याच्यावर एक बारीक, अंगठीचा वण असलेला. त्यांच्यामध्ये जागा सापडेल तिथे घुसलेला एक चिमुकला, पोराचा. सगळ्यांची पकड घट्ट. माझे डोळे भरून आले. कोण होती ही माणसं? त्या रस्त्यावर कोणाची वाट अर्धी राहिली, ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी माझ्या बहिणीची लेक धरून ठेवली होती, हात थरथरेपर्यंत.

मग मी नवा दांडा, नवा सांधा बसवला. हायवेला नेली तर नव्वद, शंभर... गाडी लोण्यासारखी. भाचीने माझा दंड घट्ट दाबला.

"आता उद्या निघू ना आईला घेऊन?"

"निघा," मी म्हणालो. "बिनधास्त निघा."

ती गाडी बाहेर काढायला गेली आणि मी जुना दांडा उचलून खिडकीपाशी उजेडात धरला. ग्रीज कुठे सरकलंय त्यावरून जोर कुठल्या बाजूला होता ते कळतं. रुंद पंजाने ते आत ओढलं होतं. अंगठीवाल्या हातानेही, पोराच्या हातानेही. सगळे जिवाच्या आकांताने चाक गाडीकडे खेचत होते.

खालून मात्र आणखी एक पंजा होता. लांब बोटांचा, सगळ्यांत खोल रुतलेला. त्याने ग्रीज बाहेर ओढत नेलं होतं.