तारनाक्याची मुलाखत

कॉम्प्युटरचा कोर्स संपून आठ महिने झाले होते. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं आणि ते थांबवायचं तर हातात नोकरी हवी होती. म्हणून १९९६ च्या फेब्रुवारीत तारनाक्याच्या एका नव्या कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा मी गौलीगुड्याहून तासभर आधीच बस पकडली.

दुसऱ्या मजल्यावर ताज्या रंगाचा वास होता. साहेबांनी माझी फाईल उघडलीच नाही. कॉम्प्युटरबद्दल एक प्रश्न नाही. घरी कोण कोण असतं, मी इथे आलेय हे कुणाकुणाला ठाऊक आहे, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "काम क्या रहेगा, सर?"

ते हसले. "पहले बैठो तो सही, अम्मा. बाहर एक कुर्सी खाली है."

बाहेरच्या खोलीत सहा बायका कॉम्प्युटरवर टाईप करत होत्या. कुणी मान वर केली नाही. मी रिकाम्या खुर्चीवर बसले आणि सहज शेजारी डोकावले. स्क्रीन काळा होता. पलीकडचाही. लाईट गेली असेल असं वाटलं, पण डोक्यावर पंखा फिरत होता.

शेजारची बाई पन्नाशीची असेल. केस पिकलेले.

"आप कब से हैं यहाँ?" मी हळूच विचारलं.

तिची बोटं थांबली नाहीत. "मैं तो इंटरव्यू को आई. साब बुलाते अभी."

तिच्या मांडीवर माझ्यासारखंच पत्र होतं. घड्यांवर फाटलेलं.

मी उठले. साहेब दारातून बघत होते. त्यांनी मला अडवलं नाही.

घरी एवढंच सांगितलं, की जागा बरी नव्हती.

आठवड्याभराने दुपारी मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येत होते. घरात नुकताच टेलिफोन बसला होता, नंबर अजून कुणाला दिलाही नव्हता. आई फोनवर बोलत होती.

"बरं. नीट ये, बेटा."

रिसीव्हर ठेवून ती वळली आणि मला बघून जागीच थांबली.

"कोण होतं?"

तिने वळून पुन्हा फोनकडे पाहिलं.

"तूच होतीस," ती म्हणाली. "साहेबांनी अजून बोलावलं नाही म्हणालीस. उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या म्हणालीस."