डोळा राखून

हडपसरच्या आमच्या आयटी पार्कात गाड्या लावायला जागा नव्हती आणि मधोमध द्राक्षांच्या जुन्या बागेतली एक ओळ दिमाखात उभी होती. सांस्कृतिक वारसा म्हणे! जमीन विकताना मथुराबाईंनी अट घातली होती: वेल जिवंत आहे तोवर ओळ काढायची नाही, आणि छाटणी त्याच करणार. छाटणीला त्या काळ्या स्कॉर्पिओतून यायच्या. वारसा जपावा तर असा!

मी तिथला व्यवस्थापक. पार्किंगवरून अख्ख्या पार्काच्या शिव्या मी खायच्या आणि वेलीनं मांडवावर लोळायचं?

एप्रिलच्या छाटणीला मी बाईंना फाटकावरच अडवलं.

"या वर्षी आमची माणसं छाटतील."

"काडीला एक तरी डोळा राखा, सायेब." डोळा म्हणजे काडीवरचा फुगीर ठिपका, ज्यातून कोंब फुटतो. "आंधळी येल गप बसत न्हाई."

"चष्मा करून देऊ की तिला."

त्या हसल्या नाहीत. गाडी वळवून निघून गेल्या.

माणसांना मी बजावलं, एकही डोळा ठेवायचा नाही. त्यांनी सगळे खरडून काढले. वेल वाळली की ओळ जाईल, सुंठीवाचून खोकला गेला.

छाटलेल्या वेलीतून थोडे दिवस पाणी गळतं, हे मला ठाऊक होतं. ही थांबेचना. भर उन्हात खालची माती ओली. मग माझा डावा डोळा गळू लागला. केबिनच्या काचेतून वेल दिसली की पाणी यायचं. खुर्ची फिरवून पाठ केली, तरी यायचं.

"डोळा उत्तम आहे," कर्वेनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. "उगाच घाबरू नका."

दुसऱ्या सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यापुढे काळोख झाला, तो गेलाच नाही. मीच बाईंना फोन लावला.

"अहो, लगेच या. ओळ राहू दे, हवी तशी छाटा."

त्या आल्या. कात्री काढलीच नाही. बोडक्या काडीवरून अंगठा फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

तिथे डोळा होता. टपोरा, ओला.

"कवा फुटला?"

"काल तर नव्हता."

त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यात पाहिलं. मग उजव्यात.

"येवढ्यावर भागायचं न्हाई तिचं."

मी रुमाल काढला. उजवा गाल ओला झाला होता.