रिकाम्या गाडीचं वजन

जावयाने विषय काढला तेव्हा सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

त्याचं काम पवनचक्क्या दुरुस्त करण्याचं. आज या माळावर, तर पुढच्या पंधरवड्यात कुठल्या तरी डोंगरावर. लग्न झाल्यापासून लेक अर्धा महिना एकटी, दाराला आतून कडी लावून. म्हणून त्याच्या मनाने घेतलं होतं, एक जुनी घरगाडी घ्यायची. ओटा, पलंग, नळ, न्हाणी, सगळं चाकांवर. जिथे काम तिथे बिऱ्हाड.

"आई, मिळतेय पण स्वस्तात," तो म्हणाला. "बाजारात चाललाय त्याच्या निम्म्या भावात."

तिथे सासूबाईंची घडी चुकली. "निम्म्या? का?"

"म्हातारे गृहस्थ आहेत. जागा अडकलीय म्हणतात."

सासूबाईंनी हातातला सदरा खाली ठेवला. त्यांचं सगळं आयुष्य विमा कंपनीत आपटलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या तपासण्यात गेलं होतं. कुठली गाडी खरंच ठोकली गेली आणि कुठली पैशासाठी ठोकून घेतली, हे त्या दाराची फट बघून सांगत. ऑफिसात माघारी त्यांना खुसपटबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. महाग वस्तूत माणूस फार तर पैशाला फसतो, पण स्वस्त वस्तूत कशाला फसेल याचा नेम नाही, हे त्यांचं ठरलेलं मत.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत 'छान आहे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघं निघाले. आभाळ भरून आलं होतं, पण वारा पडलेला. गावाबाहेर बंद पडलेली वीटभट्टी, तिच्यामागे एक बैठं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. उकाडा इतका की जावयाने आपली छोटी गाडी शेडच्या तोंडाशी लावली आणि चारही दारं सताड उघडी टाकली.

मालक घराच्या पायरीवर बसलेला होता. व्यवसायाने सुतार, बोटं जाड, नखं तुटकी. घरगाडीचं आतलं सगळं लाकूडकाम त्यानेच केलं होतं.

"बघा," एवढंच तो म्हणाला, आणि शेडच्या बाहेरच उभा राहिला.

सासूबाईंनी पदर खोचला. टायर बघितले, जुने पण न चिरलेले. चाकांच्या वरचा पत्रा टिचक्या मारून ऐकला, गंज नव्हता. छताच्या सांध्यांमधून पाणी उतरलं असेल तर आतली भिंत अंगठ्याखाली दबते. त्यांनी एकेक फळी दाबून पाहिली. ठणठणीत. कपाटांची दारं बिनआवाज सरकत होती. ओट्याला डाग नाही, नळाला गळती नाही.

त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण खुसपट सापडत नाही म्हटल्यावर त्यांचा संशय उलट वाढला. इतकी चांगली गाडी निम्म्या भावात कोण देतो?

एक गोष्ट तेवढी होती. वास. कुबट नव्हे, ओलाही नव्हे. नुकतंच कुणी तरी झोपून उठलेल्या खोलीला येतो, तसा उबदार, अंगाचा वास.

"काका, कधीपासून उभी आहे ही?" त्यांनी आतूनच विचारलं.

"बायको गेली तेव्हापासून." बाहेरून आवाज आला. "वर्षं झाली आता."

"मध्ये कोणी राहिलं होतं यात?"

बाहेर सुतार नुसता खाकरला.

त्या जेवणाच्या छोट्या टेबलाशी बसल्या. दार त्यांच्या पाठीमागे होतं. तेवढ्यात गाडी किंचित कलली. पायरीवर कुणी पाय ठेवला की घरगाडी स्प्रिंगांवर जरा दबते, तशीच. मग ते दबणं पुढे सरकलं, त्यांच्या पाठीमागून गाडीच्या मागच्या टोकाच्या पलंगाकडे गेलं आणि तिथे थांबलं.

"जावईबापू, ती गादी उचलून बघा, खालची फळी कशी आहे ती," त्या मान न वळवता म्हणाल्या.

"मी इथे आहे आई," जावयाचा आवाज पुढून, बाहेरून आला. तो इंजिनात डोकं घालून उभा होता.

सासूबाईंनी मागे पाहिलं. पलंग रिकामा होता. त्या उठल्या, शेडची जमीन भुसभुशीत असणार असं स्वतःला बजावलं, आणि खाली उतरून टाचेने जमीन दाबून पाहिली.

जमीन दगडासारखी घट्ट होती.

"काका, आम्हाला जरा चालवून बघायचीय," त्या म्हणाल्या.

"न्या की." सुताराने किल्ली पुढे केली. "मी थांबतो इथेच."

"अनोळखी माणसांच्या हातात गाडी देताय. काही ठेवून घेणार नाही?"

तो पहिल्यांदाच हसला. "नाही आणलीत तरी चालेल."

मोठ्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी पळाली. जावयाने दिलेला शब्द मोडला. "छान आहे हो, आई…"

"समोर बघा. तिथे वजनकाटा आहे, त्यावर घ्या."

घरगाडीत मोजावं ते वजनच. रिकामी गाडी जड भरली तर समजावं की फळ्यांनी आत पाणी प्यायलंय, किंवा मोडलेलं काही तरी लोखंड घालून झाकलंय. रिकामं वजन दाराशी पट्टीवर कोरलेलं होतंच. सासूबाईंनी पाण्याची टाकी रिकामी केली, गॅसची टाकी उतरवून ठेवली, प्रत्येक कपाट उघडून पाहिलं. मग दोघं खाली उतरली आणि बाजूला उभी राहिली.

काटेवाला खिडकीतून आकड्याकडे बघत बसला. मग त्याने मान बाहेर काढली.

"आतल्यांना उतरवा."

"आत कोणी नाही," जावई म्हणाला.

"अहो, चेष्टा करू नका. मागे ट्रक थांबलेत." त्याने आकड्यावर बोट टेकवलं. "सामान असं हलत नसतं. कोणी तरी फिरतंय आत."

सासूबाई खिडकीशी गेल्या. आकडा वर जात नव्हता, खाली येत नव्हता. नुसता थरथरत होता. पट्टीवरच्या वजनापेक्षा तो एका माणसाइतका जास्त होता. अंगाने बारीक माणसाइतका. आणि त्या बघत असतानाच तो शांत झाला. कुणी बसावं, तसा.

"आता बसलं," काटेवाला म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने पैसे न घेताच खिडकी ओढून घेतली.

परतताना जावयाने आतल्या आरशाकडे एकदा पाहिलं आणि तो आरसा छताकडे वळवून टाकला.

शेडमध्ये गाडी लावताच सुतार पुढे आला.

"किती भरलं?"

सासूबाई थबकल्या. "काट्यावर गेलो होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळेच जातात. किती भरलं, बाई?"

त्यांनी आकडा सांगितला. म्हाताऱ्याचे खांदे उतरले. "तेवढंच आहे अजून," तो पुटपुटला. "मला वाटलं होतं…"

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. भाव बोला."

"तुम्ही बोला. गाडीत खोट काय आहे ते सांगा, मग रास्त भाव काढू."

"खोट नाही. माझ्या हातचं काम आहे." त्याने सांगितलेली किंमत आपणहून निम्मी केली. सासूबाई बघत राहिल्या. त्याने ती आणखी उतरवली. मग आणखी. समोरून कोणी घासाघीस करत नसताना माणूस एकटाच स्वतःशी हरत चालला होता. शेवटी त्याने किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटवली. "तशीच न्या. फुकट."

जावयाचा हात मागे आला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर लेकीचं अर्ध्या महिन्याचं एकटेपण होतं, ते सासूबाईंना दिसत होतं. पण त्यांनी ती मूठ उघडली, किल्ली काढली आणि घरगाडीच्या पायरीवर ठेवली.

"काका, मी जळालेल्या गाडीचाही भाव काढलाय. भंगारालासुद्धा एक तळ असतो, त्याच्या खाली कोणी जात नाही. तुमच्या भावाला तळच नाही. हे विकणं नव्हे. हे गळ्यात मारणं आहे."

तो चिडला नाही. मान हलवत राहिला. मग अगदी सहज, पाहुण्यांची विचारपूस करावी तसं, त्याने जावयाला विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी आणि बायको," जावई ओशाळून म्हणाला. "तिच्यासाठीच चाललं होतं हे सगळं. मी कामावर गेलो की ती एकटीच असते."

सुतार वळला. घरगाडीच्या उघड्या दाराकडे तोंड करून, बहिऱ्या माणसाला सांगावं तसा मोठ्याने म्हणाला, "एकटीच असते, म्हणतात!"

क्षणभर शेडमध्ये काही हाललं नाही. मग घरगाडीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "चला, जावईबापू. आत्ता."

त्यांनी आपल्या गाडीची दारं धडाधड आपटून लावली. वळण घेताना सासूबाईंनी मागे पाहिलं. दुपारपासून त्या गाडीच्या पायरीला ज्याचा पाय लागला नव्हता, तो म्हातारा आता आत होता. खिडक्या उघडत होता, गाद्या झटकत होता. त्याने त्यांच्याकडे पाहून हात केला. चेहरा असा, जणू दुखणाईत माणूस बरा होऊन उठलाय.

त्या संध्याकाळी सासूबाईंना फार दिवसांनी भूक लागली. लेक वाचली, असं त्या मनाशी दोनदा म्हणाल्या.

काही दिवस असेच गेले. एका सकाळी भेटायला आलेल्या लेकीने फोन त्यांच्यापुढे धरला. "आई, बघ गं, या जाहिरातीत तीच गाडी ना ही? भाव केवढा चढवलाय! आणि खाली लिहिलंय, 'आता पूर्ण रिकामी आहे.' म्हणजे काय?"

सासूबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. हातातला कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

"जावईबापू कुठे आहेत?"

"खाली गाडी पुसतायत. उद्या कामावर निघायचंय ना. आज आम्ही बाजारात जाऊन येतो." लेक पायात चपला सरकवत म्हणाली. "फक्त आमच्या गाडीतली माझी सीट तेवढी नीट करून घ्यायला हवी."

"काय झालं सीटला?"

"काही नाही गं. हल्ली मी ती अगदी पुढे ओढून बसते, तरी पाठीला टोचतंच." ती हसली. "मागे कुणी गुडघे टेकवून बसलंय, असं वाटत राहतं."