तिसरी उंची

डोंगरावर निघालेल्या माणसाशी घरच्यांनी फार तर पाण्याच्या बाटलीवरून वाद घालावा. टेलरबाईंच्या घरी त्या सकाळी वाद झाला तो जळमटावरून.

दाराच्या चौकटीवर, अगदी छताला लागून, वर्षभराचं जळमट लोंबत होतं. नववा महिना लागलेली लेक सोफ्यावर पाय पसरून बसली होती आणि तिचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

"आई, बाळ यायच्या आत ते काढ ना गं."

"माझा हात पुरतो का तिथे? ते तुझ्या बाबांचं खातं."

बोलून गेल्यावर बाईंना वाटलं, नसतं बोलले तर बरं होतं. 

बाबा, म्हणजे बाईंचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक होते. इतके उंच की स्वतःच्या घरातसुद्धा मान वाकवून शिरायचे. गेल्या वसंतात बाईंचा गुडघा धरला होता, म्हणून ते एकटेच डोंगरावर गेले आणि परत आले नाहीत. वर वाटेला फाटा फुटतो, तिथून डावीकडे जुना कडा आहे. त्याची कड ढासळलेली दिसली. माणसं दोर लावून दरीत उतरली, कुत्री आणली. टोपी नाही, काठी नाही, काहीच मिळालं नाही.

"आजच जायला हवं का?" लेकीने विचारलं.

"एकदा तिथे उभी राहून सांगून येते. आजोबा व्हायची वेळ आली आणि त्यांना पत्ताच नाही."

लेक हसली, पण डोळे भरून आले होते तिचे. बाईंचा हात ओढून तिने पोटावर ठेवला. "लवकर ये. बघ कसं लाथा मारतंय. यालाही तुझ्याबरोबर यायचंय बहुतेक."

पायथ्याच्या चौकीत रखवालदार चहा पीत बसला होता. "एकट्याच?"

"एकटीच."

"आज तुम्हीच पहिल्या. सावकाश जा. फाट्यावर दोर बांधलाय, त्याच्या पलीकडे जाऊ नका."

तो दोर कोणामुळे बांधला, हे बाईंनी त्याला सांगितलं नाही.

वाट छान होती. झाडांना कोवळी पालवी फुटलेली, पानापानावर दव. पण सकाळी पहिलं जाणाऱ्याच्या नशिबी एक गोष्ट हमखास येते. रातोरात कोळ्यांनी वाटेवर आडवे तंतू ताणलेले असतात आणि ते थेट तोंडावर येतात. आता, जन्मभर दोऱ्यात हात घातलेल्या बाईला कोळ्याच्या तंतूची भीती वाटावी, ही गंमतच. पण टेलरबाईंच्या गालाला जाळं लागलं की त्या किंचाळायच्या. यजमान मनसोक्त हसायचे आणि मग स्वतः पुढे चालायचे. काठी एकदा डोक्यावरून फिरवायचे, एकदा बाईंच्या नाकासमोरून.

"ही माझी उंची, ही तुझी," असं म्हणायचे, आणि मग गुडघ्याशी काठी फिरवून, "नातवंड झालं की ही तिसरी. त्याला घेऊन येणार मी."

आज पुढे कोणी नव्हतं, म्हणून बाईंनी जुनी छत्री आणली होती. ती समोर धरून त्या चालत होत्या. बरंच अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की छत्रीला एकही तंतू लागलेला नाही.

त्या थांबल्या. दोन्ही बाजूंच्या झुडपांवर जाळ्यांचा नुसता खच होता. वाटेवर मात्र ती तुटलेली होती. तुटकी टोकं हलत होती आणि वारा तर अजिबात नव्हता. एका टोकावरून दवाचा थेंब त्यांच्या डोळ्यांदेखत खाली पडला. जाळं नुकतंच तुटलं होतं... एकदा डोक्याच्या बरंच वर आणि एकदा बरोबर त्यांच्या नाकासमोर.

अंगावर काटा आला, पण मागे फिरावं असं त्यांना वाटलं नाही. उलट रडू फुटलं. वर्षभरात कोणी त्यांच्यासाठी वाट साफ केली नव्हती.

"अहो..." त्यांनी हलकेच हाक मारली.

वळणापलीकडे काटकी मोडल्याचा आवाज झाला. दमट मातीच्या वासात लिफ्टच्या ग्रीसचा वास मिसळला होता. यजमानांच्या शर्टाला यायचा तोच.

अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड आहे. दोघं तिथे दम खायला बसायची. बाई आपल्या अर्ध्या भागावर बसल्या, दुसरा अर्धा रिकामा ठेवला.

"अहो, ऐकताय ना?" पदर डोळ्यांना लावत त्या म्हणाल्या. "लेकीला नववा लागलाय. याच महिन्यात... आजोबा होणार तुम्ही."

रानातली पाखरं एकाएकी गप्प झाली. मग वरच्या बाजूला काठी दगडावर आपटली. टक, टक. खूश झाले की ते अशीच काठी आपटायचे. बाई रडता रडता हसल्या. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं त्यांना.

फाट्यावर पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं, पण झाडांखाली अजून गारवा होता. उजव्या वाटेवर जाळी जशीच्या तशी होती. डावीकडे दोर बांधलेला आणि धोक्याची पाटी. दोराच्या पलीकडे वरची जाळी तुटलेली होती. बाईंच्या नाकासमोरची मात्र शाबूत, दवासकट.

"मला नाही न्यायचं तुम्हाला?" त्या पुटपुटल्या. माणूस गेल्याचं दुःख वर्षभर सोसलं होतं, पण त्याने आपल्याला नको म्हणावं, हे सोसेना. त्या दोर धरून मटकन खाली बसल्या.

आणि बसल्यावर त्यांना ते दिसलं.

गुडघ्याच्या उंचीवर जाळी तुटली होती. दोराच्या पलीकडे, कड्याच्या दिशेने, एका रेषेत... तुटकी टोकं अजून हलत होती.

ससा असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग सकाळची ती लाथ आठवली, आणि 'ही तिसरी' म्हणत गुडघ्याशी फिरणारी काठी. बातमी आपणच आणून दिली होती.

"नको..." त्या कड्याकडे बघत म्हणाल्या. "अहो, ऐका माझं. ते अजून जन्मालासुद्धा आलं नाही... तुमची हौस मला कळते. पण त्याला द्या माझ्याकडे. पाया पडते तुमच्या."

दोराच्या पलीकडे सगळं स्तब्ध होतं. ग्रीसचा वास मात्र अगदी जवळ आला, आणि थांबला.

बाई उठल्या. पाठ फिरवली. लेक चालायला शिकत होती तेव्हा धरायच्या, तसं डाव्या हाताचं बोट मागे धरलं आणि उतरायला लागल्या.

आलेल्याच वाटेने त्या उतरत होत्या, पण वाटेवर जाळी पुन्हा ताणलेली होती. सगळ्या उंचीवर, कोरी करकरीत. हातात छत्री एकच. बाईंनी ती खाली धरली, गुडघ्याशी, आणि वरची जाळी तोंडावर घेतली. कपाळ, पापण्या, ओठ. किंचाळल्या नाहीत. मागे वळून पाहिलं नाही. मागे धरलेल्या बोटाचं टोक तेवढं गारठलं होतं, बाकीचा हात घामेजलेला. आणि पाचोळा वाजत होता, हलका, अडखळत.

"चल हं बाळा," त्या सारख्या म्हणत होत्या. "आजी आहे पुढे."

पायथ्याशी आल्यावर लेकीला फोन लावायचं त्यांना धाडस झालं नाही. घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. जिना कसा चढल्या, त्यांनाच ठाऊक.

दार लेकीने उघडलं. रडून रडून डोळे सुजले होते.

"कुठे होतीस गं? तू गेल्यापासून हललंच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, ताबडतोब या. मी निघतच होते, आणि आत्ता, तू जिना चढत होतीस ना, तेव्हा..." तिने आईचा हात पोटावर दाबला. आतून लाथ बसली, चांगली जोरात. बाईंच्या गारठलेल्या बोटात ऊब आली. लेकीच्या गळ्यात पडून त्या हमसून रडल्या.

"आणि हे काय, सगळ्या तोंडाला जाळी?" लेक एकेक तंतू काढायला लागली.

"असू दे. चल, तरी डॉक्टरांना दाखवून येऊ."

चप्पल पायात सरकवताना बाईंची नजर सहज वर गेली.

"ते जळमट तू काढलंस?"

"मी? मला वाकता येत नाही, वर कुठे चढतेय?"

चौकटीच्या वर, छताशी, वर्षभराचं जळमट मधोमध तुटलं होतं. पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या. तुटकी टोकं हळूहळू हलत होती, घराच्या आतल्या बाजूला. बाई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. दार लावायचं की उघडं ठेवायचं, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.