निर्लेखन

"मी म्हशीला असलं चाटण देईन का हो?" डॉ. हर्षदा परुळेकर म्हणाली.

दवाखान्याच्या दारात म्हैस घेऊन आलेल्या आक्काताई मगदूम गोंधळल्या. "काल फोनवर तुम्हीच सांगितलासा की! आवाज तुमचा, 'आक्का, घाबरायचं नाही' हे बोलणंही तुमचंच."

हर्षदाच्या लक्षात आलं. 'गप्पाघर' या समाजमाध्यमाने सदस्यांच्या जुन्या संभाषणांवरून त्यांच्या बोलक्या 'छाया' घडवल्या होत्या. माणूस कामात असला की छाया ओळखीच्यांशी बोलायची, आणि हल्ली मधूनच असल्या चाटणांची जाहिरातही करायची. म्हैस बचावली, पण हर्षदाने त्याच दिवशी गप्पाघर कायमचं सोडायचं ठरवलं.

नव्या कायद्यानुसार नुसता मजकूर पुसून भागत नसे. त्यातून यंत्र जे शिकलं तेही काढावं लागे. याला 'निर्लेखन' म्हणत.

"आमटीत विरघळलेलं एकाच माणसाचं मीठ वेगळं काढण्यासारखं आहे ते," पडद्यावरून गप्पाघरची निर्लेखन अधिकारी आलिया मुजावर म्हणाली. "पण जमतं आता. फक्त एक अडचण आहे, मॅडम. सिद्धेश परुळेकर तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ. का?"

"त्यांचा वाचासेतू आमच्याच यंत्रावर चालतो."

सिद्धेश देवगडला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पक्षाघाताने त्याची वाचा गेली, 'हो-नाही'ची मानही उलटसुलट हलू लागली, तेव्हा हर्षदाने त्याला कोल्हापूरला आणलं. गळ्यावरचा वाचासेतूचा पट्टा स्नायूंची पुसट हालचाल टिपायचा आणि एकदोन शब्दांचं वाक्य करून बोलायचा. सिद्धेशची ढब यंत्र त्याच्या जुन्या गप्पांवरून शिकलं होतं, आणि त्या बहुतेक ताईशीच झालेल्या.

"तुमचे शब्द काढले तर ते अडखळतील," आलिया म्हणाली. "त्यांची संमती असेल तर आधी तात्पुरते झाकून बघू."

"बघूया की, ताई," शेजारी बसलेल्या सिद्धेशचा पट्टा म्हणाला.

आलियाने शब्द झाकले. हर्षदाने मुद्दाम साधंच विचारलं, "जेवायला काय करू?"

एरवी लगेच उत्तर यायचं, तू करशील ते. आज सिद्धेशच्या गळ्याची शीर ताणली. बराच वेळ गेला.

"सोलकढी."

हर्षदाला हसू आलं. मग तिने विचारलं, "इथं बरं वाटतंय ना तुला?"

याचंही ठरलेलं उत्तर होतं: इथं छान आहे, तू आहेस ना.

"देवगड," पट्टा म्हणाला. "घर. मी."

"अरे, पण तिथं एकटा..."

"मी!"

हर्षदाने घाईने पडद्याकडे पाहिलं. "काहीतरी बिघडलंय."

आलियाने तपासून पाहिलं. "बिघाड नाही, मॅडम. हालचाल नीट कळली नाही की यंत्र सर्वांत संभाव्य वाक्य निवडतं. 'इथं छान वाटेल तुला, मी आहे ना' असं तुम्हीच त्यांना लिहिलं होतं. यंत्राने ते उलटवून त्यांच्या तोंडी घातलं."

हर्षदाला त्याचं देवगडचं वर्कशॉप आठवलं. ते विकायचं का, असं तिने विचारलं तेव्हा पट्टा म्हणाला होता, "चालेल की," आणि तिने ते विकून टाकलं होतं. त्यानंतर कितीदा तरी सिद्धेशने तो पट्टा ओढून काढला होता. टोचत असेल म्हणून तिने तो मऊ कापड लावून पुन्हा बांधला होता.

"सिद्धू, वर्कशॉप... तुला विकायचं नव्हतं?"

"नाही."

तो रागावला नव्हता. उलट, कुणीतरी आपलं ऐकलं याचंच त्याला नवल वाटत असावं.

"कायमचं निर्लेखन करू?" आलियाने विचारलं. "नंतर परत आणता येणार नाही. ते कितीतरी दिवस तुटकच बोलतील."

हर्षदाने भावाकडे पाहिलं.

"कर," पट्टा म्हणाला.

वर्कशॉप परत मिळण्यासारखं नव्हतं. पण देवगडचं घर होतं, आणि शेजारचे जुने सोबती त्याच्याकडे बघायला तयार होते. पुढच्या रविवारी दोघं गाडीने करूळ घाट उतरत होती. खिडकीतून वारा आत येत होता. सिद्धेशच्या गळ्याची शीर हलली.

"ताई... मला..."

"पाणी हवंय?" हर्षदा बोलून गेली.

त्याने डोळे मिटून घेतले.

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि वाट पाहत राहिली. यंत्रातून ती पुरती निघाली होती. पण भावाच्या वाक्यांतून बाहेर राहणं तिला जमणार होतं का?